रुसलेल्या फणसाची गोष्ट

जे. पी. नगरात आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हा खाली घरमालकीण अक्का राहायच्या. तीन पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठी घर, त्यामुळे बोलण्यात सारखं कानडी, 'जरा थांब'ऐवजी "स्वल्प थांब" नि 'बरं, बरं'ऐवजी "सरी, सरी". संध्याकाळी पायरीवर बसून त्या गल्लीतल्या मराठी मुलांना एका फणसाची गोष्ट सांगत. हात चिकट होतात म्हणून घरात कोणीच चिरायला बसेना, तेव्हा रुसून गडगडत बाजाराला परत निघालेला फणस! मुलं हसून लोळायची.

मी पुण्याची. दुसऱ्याचं मराठी सुधारल्याशिवाय मला घास उतरत नाही. ऑफिसात तेव्हा मल्टिमीडियाचं वारं होतं, म्हणून मी त्या गोष्टीची सीडी करायला घेतली. माउसने चित्रं काढली. क्लिक केलं की फणस गडगडायचा. कॉपीराइटचं भान एवढं, की सिनेमाची धून नको म्हणून स्वतः पेटी बडवली. गोष्ट मात्र सरळ उचलली. त्यातले 'स्वल्प' नि 'सरी' काढले, माझ्या आवाजात वाचली आणि सुरुवातीला लिहिलं, 'पारंपरिक लोककथा'. म्हातारं माणूस सांगतंय म्हणजे गोष्ट जुनीच असणार, असं मीच ठरवून टाकलं. विचारायला फक्त जिना उतरायचा होता.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती सीडी दाखवली. टाळ्या पडल्या, मुलांना सीडी वाटल्या. परतताना रिक्षात अक्का म्हणाल्या, "छान केलंस हं. तो फणस मी रचलेला. माझी मुलगी जेवायची नाही, तिच्यासाठी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो अक्का, आधी सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठे?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी सुरुवातीला त्यांचं नाव घातलं. नवी सीडी घेऊन घरी आले, तर पायरीवर गोष्ट रंगात आली होती.

"मग फणस म्हणाला, स्वल्प थांबा..."

"अक्का, चुकलं!" एक चिमुरडी ओरडली. "सीडीत असं नाहीये. तुम्ही सीडीची कॉपी करताय, तीपण चुकीची!"

मुलं खिदळली. अक्काही हसल्या. "सरी बाळा, मग तूच सांग."

पोरगी माझ्याच शब्दांत घडाघडा सांगू लागली. अक्का हाताची घडी घालून ऐकत बसल्या. फणसाची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही.