टॅब पुसायला निघालेला शेजारी

आमच्या हुलसूरच्या गल्लीत एक ॲपवाला आहे. त्याचं ॲप जुन्या टॅबवर चालतंय का बघायला त्यानं माझ्या गेलेल्या बायकोचा टॅब मागून नेला. पण टॅब काही त्याच्या कॉम्प्युटरला जोडला जाईना. वायर लावायचा, हलवायचा, फुंकायचा आणि टॅबलाच शिव्या घालायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अप्पा, ह्यातलं समदं पुसावं लागतंय."

"कामून? तिनं म्हटलेली भजनं हायत त्यात."

"दुसरा इलाज न्हाई."

मी घरी जाऊन टॅबसोबत आलेली वायर आणली. ती लावताच टॅब जोडला गेला. त्याची वायर नुसती चार्जिंगची होती, कॉम्प्युटरला जोडायची नव्हतीच. एवढा शिकलेला, पण वायर बदलून बघावी हे सुचलं न्हाई. वर म्हणतो, "ही वायर आता इथंच ठिवा."

मी टॅब आणि वायर दोन्ही उचलून घरी आलो. नुसतं 'चुकलं' म्हणाला असता, तर दोन्ही तिथंच ठेवलीही असती.