लाल शर्टाची आतली बाजू

दवाखान्यातला झगा तिने दोन बोटांत उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि नाक मुरडलं.

“सिस्टर, हे कोणी शिवलंय? डोळे मिटून?”

“शिवणाऱ्याचा पत्ता नाही माझ्याकडे,” सिस्टर म्हणाली. “सोमवारी पहिली केमो. त्या दिवशी हाच घालायचा. मागून नाड्या बांधायच्या.”

“मी नाही घालणार.”

शेजारी बसलेल्या आईने कपाळाला हात लावला. पोरगी चोवीस वर्षांची. गाठ कसली आहे ते कळून जेमतेम महिना झालेला. औषधाची सुई टोचायला उजव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, कालच एक छोटी डबी बसवलेली. टाके अजून ओले. आणि बाईसाहेब भांडतायत कशावरून, तर शिलाईवरून!

तिला ओळखणाऱ्या कोणालाही याचं नवल वाटलं नसतं. सतराव्या वर्षी ती मास्तरांकडे शिवणकामाला लागली. मास्तर नाटकवाल्यांचे कपडे शिवायचे. पोरगी काडीसारखी आणि बोलणं टोचणारं, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिचं नाव टाचणी ठेवलं. ते इतकं चिकटलं की आईसुद्धा रागावली की तीच हाक मारायची.

काय झोकात चालायचं ते दुकान! एका टेबलावर राजाचा अंगरखा, दुसऱ्यावर भिकाऱ्याची मुद्दाम फाडलेली बंडी, आणि मधल्या बाकावर चहा पीत बसलेला राजा स्वतः, बाही कधी होतेय याची वाट बघत. कपडा तयार झाला की मास्तर तो आधी उलटा करायचे. आत एक सुटा धागा दिसला की कपडा परत.

“आतलं कोणाला दिसतंय, मास्तर?” टाचणीने एकदा कुरकुर केली होती.

“बाहेरची बाजू प्रेक्षकांची, पोरी. आतली नटाची. भर उजेडात उभा तो राहतो. आधी त्याचं बघायचं.”

सात वर्षं हे ऐकलेल्या मुलीला तो झगा कसा चालावा? शेवटी सिस्टरनेच तोडगा काढला.

“घाल बाई स्वतःचा कपडा. पण डबी चटकन उघडी झाली पाहिजे. नाही झाली, तर निमूट झगा. तिथे मग वाद नको.”

“मंजूर!”

दोन दिवसांत टाचणीने शर्ट शिवला. सेनापतीच्या पोशाखातून उरलेलं लालभडक सुती कापड, दोन्हीकडून सारखंच लाल. समोर टिचबटणं, खांद्याखाली एक झडप, तिलाही टिचबटणं. झडप उघडली की डबी समोर. आतली प्रत्येक शिवण दुमडून बंद केलेली.

“आणि केस गं?” आईने हळूच विचारलं. “ते गेले म्हणजे?”

“जाऊ देत. टक्कल चिकटवायला नटांना तासभर बसावं लागतं. मला घरबसल्या मिळणार.”

“आगाऊ कुठली!” म्हणत आई हसली, आणि मग बराच वेळ तिकडे तोंड करून भांडी विसळत राहिली.

दुकानात मास्तरांनी शर्ट उलटा केला, चष्मा वर ढकलून शिवणीवरून बोट फिरवलं.

“अंगात घालून बघितलास?”

“हात वर जात नाही, मास्तर, टाके ओढतात. आणि माझं माप मला पाठ आहे.”

“हं,” म्हणून मास्तरांनी मानेच्या आतल्या बाजूला दुकानाचं लेबल स्वतःच्या हाताने टाचलं. कपडा पसंत पडल्याशिवाय ते लेबल लागत नसे. मग शर्टाला इस्त्री झाली आणि तो पिशवीत गेला. नाटकाचा कपडा रस्त्याने अंगावर मिरवायचा नाही, तिथे जाऊनच घालायचा, हा दुकानाचा जुना नियम.

सोमवारी सकाळी कपडे बदलायच्या पडद्याआड ती शर्टात शिरली. बटणं लावली. ऐटीत झडप उघडली.

आत नुसती कातडी. डबी पलीकडच्या खांद्याखाली!

क्षणभर तिला काही सुधरेना. मग लख्ख आठवलं. आरशात बघताना डबी तिला उजव्या हाताला दिसली होती. तशीच वळून तिने समोरच्या पुतळ्यावर चढवलेल्या कापडाला उजव्या हाताला खडू मारला. पुतळ्याची ती डावी बाजू! गिऱ्हाइकाच्या कपड्यात अशी चूक तिच्या हातून कधीच झाली नसती. गिऱ्हाईक समोर उभं असतं. स्वतःला मात्र तिने पहिल्यांदाच मापलं होतं. मास्तरांनी शिवण तपासली, बाजू विचारली नाही.

“झालं का?” बाहेरून सिस्टरचा आवाज. “झगा आणलाय मी, असू दे हाताशी.”

आईने पडद्यातून डोकं घातलं, शर्ट बघितला आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. “राहू दे गं आता,” ती कुजबुजली. “एक दिवस घातलास झगा, तर काय बिघडलं?”

टाचणीचे डोळे भरले. महिनाभरात पहिल्यांदा. ती शर्ट उतरवायला लागली, बाही उलटी होऊन बाहेर आली, आणि तिचे हात थांबले. दुमडलेली शिवण. एक सुटा धागा नाही. वर मास्तरांचं लेबल.

“आई, धर हे. दुसरी बाही पण उलटी कर.”

“अगं, करतेस काय?”

“उलटा केला की डावी बाजू उजवीकडे येते. ओढ!”

पडदा सर्रकन बाजूला झाला. टाचणी बाहेर आली ती ठाम पावलं टाकत, मान ताठ. सगळ्या शिवणी बाहेर, मानेवर लेबल. खुर्च्यांतल्या चार माणसांनी माना वळवल्या.

“शर्ट उलटा घातलायस,” सिस्टर म्हणाली.

“माहीत आहे. आतली बाजू दाखवायला मला लाज वाटत नाही. तुमच्या झग्याची दाखवा बघू!”

सिस्टरने झगा खुर्चीच्या पाठीवर टाकला, हातमोजे चढवले आणि उजव्या खांद्याखालची झडप ओढली. टिच, टिच. डबी बरोबर मधोमध. सुई हातात घेऊन सिस्टरने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

“घाबरलीस?”

“खूप,” टाचणी म्हणाली. “पण माझ्याच कपड्यात. टोचा.”