वरवंट्याची सुटका

पोलिसांच्या दप्तरी आमच्या घरातल्या कुणाचं नाव निघेल, असं मला कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, नाव घेतलं असतं. साखरेचा आजार असताना देवापुढचा पेढा उचलून, मिशा पुसून, साळसूदपणे पेपर वाचत बसणारा तेवढा एकच माणूस आमच्याकडे आहे. आत्याबाईंचं नाव मला सुचलंच नसतं. माझी ही सासू म्हणजे भाजीवाल्याने चुकून चार मिरच्या जास्त टाकल्या तर भर उन्हात परत द्यायला जाणारी बाई.

झालं असं, की कॅनडात राहणाऱ्या माझ्या नणंदेला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. तिने फोनवर रडत रडत सांगितलं, "आई, बाळंतपणाले तूच ये." आत्याबाईंची सगळ्यात लांबची मजल नागपूरपर्यंतची. पण पोरीचं बाळंतपण म्हटल्यावर बाईंच्या अंगात वारं शिरलं. बुलढाण्याच्या बाजारातून अळीव, डिंक, खारका यायला लागल्या, आणि आम्ही पासपोर्टचा अर्ज भरला.

चौकशीला एक हवालदार घरी आले. भले गृहस्थ होते. पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि मग घसा खाकरत म्हणाले, "आजीच्या नावावर एक केस दिसून राह्यली."

"कोणाच्या?" मी विचारलं.

"आजीच्या. जुनी हाय. आता सारं कॉम्प्युटरवर चढवलं ना, तं वर आली. दारूबंदी कायद्याची. भांगेची."

मी हसायला लागले. माझे यजमानही हसले. मग माझं लक्ष मामाजींकडे गेलं. बशी ओठांपाशी थांबलेली, आणि दोन्ही कान लालभडक. मी हसायची थांबले.

मामाजी निवृत्त मुख्याध्यापक. व्यसनमुक्तीवर त्यांचं भाषण ठरलेलं असे. जिल्ह्यातली कितीतरी पोरं ते ऐकून मोठी झाली असतील. त्या दिवशी मात्र ते बशीतला चहा पुन्हा कपात ओतत बसले. शेवटी मेथी निवडता निवडता आत्याबाईंनीच सांगितलं.

तेव्हा त्या नवी नवरी होत्या, सासर देऊळघाटचं. गावाबाहेर शेतात छोटंसं महादेवाचं देऊळ, शेजारी गोठा. महाशिवरात्रीला मामाजी आणि त्यांचे दोस्त तिथे भांग घोटायचे. शेतात एक पाटा होता, पण त्याचा वरवंटा तडकलेला. म्हणून नवरीला हुकूम झाला, तुझा घेऊन ये आणि वाटून दे. तिचा वरवंटा माहेरचा, वडिलांनी पाथरवटाकडून मुद्दाम घडवून घेतलेला. ती डोक्यावर घेऊन गेली आणि वाटत बसली. तालुक्याला नवा फौजदार आला होता, त्याला नाव कमवायचं होतं. गाडी बांधावर दिसताच मर्द मंडळी पसार झाली.

"कुठं गेले?" मी विचारलं.

"कुटाराच्या ढिगात," आत्याबाई म्हणाल्या. "सारेच्या सारे. मी बसली होती तशीच बसली. कोठी जाऊ? हात हिरवेगार. डोक्यावरचा पदर सावरू का पळू?"

"आणि तुम्ही घेतली होती का?"

"अवं, मले निर्जळी उपास होता. पाण्याचा थेंब नोता घेतला."

पिणारे कुटारात, म्हणजे गुरांच्या भुशात, आणि उपाशी बाई आरोपी. पंच बाहेरगावचे होते, त्यामुळे गावात बोभाटा झाला नाही. पाटा जमिनीत पक्का रोवलेला, तो काही उचलेना, म्हणून मुद्देमाल म्हणून वरवंटा नेला. पुढे दोस्तांनी आपसांत ठरवलं, बाईचं नाव गावात नको व्हायला, कुणी तोंड उघडायचं नाही. आत्याबाईंना मामाजींनी सांगितलं, मिटलं सगळं. मिटलं काहीच नव्हतं. त्यांची बदली झाली, बिऱ्हाड हललं, समन्स देऊळघाटला जाऊन रिकाम्या हाताने परत गेलं, आणि खटला कोर्टाच्या कपाटात झोपून राहिला.

माझा स्वभाव मुळातच तिखट. त्या दिवशी मामाजींच्या चहात मी साखर तर नाहीच, चहापत्तीसुद्धा मोजून टाकली. ते निमूटपणे प्याले. याचाही मला राग आला.

यजमानांचे एक वर्गमित्र वकील आहेत. ते म्हणाले, "वहिनी, सोपं आहे. लोकअदालतीत आजींनी गुन्हा कबूल करायचा, थोडासा दंड भरायचा, एका दिवसात विषय संपला." मग डोकं खाजवत पुढे म्हणाले, "पण शिक्षा झाल्याची नोंद मात्र राहील. व्हिसाच्या वेळी विचारतात. सांगावं लागेल."

"आणि दुसरं काही?"

"जुने, किरकोळ, पडून राहिलेले खटले सरकार मागे घेतंय. त्यात बसवता येईल. नाव स्वच्छ होईल. पण त्याला वेळ लागतो. कागद वर जाणार, खाली येणार. बाळ त्यांच्यासाठी थांबणार नाही."

मी लोकअदालतीच्या बाजूची. यजमानही त्याच बाजूचे. नोंद राहिली तर राहिली, समजावून सांगू, पण बाई पोरीजवळ पोचायला हवी. आत्याबाईंनी हातातली मेथी खाली ठेवली.

"मी नाही कबूल करणार."

"आत्याबाई, नुसतं म्हणायचं आहे हो. हो म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"काऊन म्हणू? भाजीवाल्याच्या चार मिरच्या मी ठेवून नाही घेत, अन् दुसऱ्याची भांग माह्या नावावर घेऊ?"

वकिलांनी लांबच्या रस्त्याचा अर्ज केला.

मग सुरू झालं वाट पाहणं. मोबाईलवर नणंदेचं पोट दर आठवड्याला वाढलेलं दिसायचं आणि आमचा कागद जिथल्या तिथे. कॉलेजातले शिकवायचे तास संपले की मी वकिलांकडे आणि तिथून कोर्टात. सरकारी वकिलांच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझी इतकी हजेरी लागली की तिथला शिपाई मला नवीन स्टेनो समजून फायली द्यायला लागला. घरी आले की मामाजी दारात उभे. "काही?" मी मान हलवायची. ते आत जायचे. जेवणही कमी झालं होतं त्यांचं. पेढ्याला हात लावत नव्हते.

एकदा नणंद फोनवर म्हणाली, "आई, इथं तर आता हे सगळं कायद्यानं चालतं. आमच्या कोपऱ्यावर दुकान आहे, पाटी लावून विकतात. ज्यांच्यावर आधीच्या केसेस होत्या त्यांना सरकार माफी देतं. तू इथं असतीस तर तुलाही दिली असती."

आत्याबाई फोनला अगदी नाक लावून बसल्या होत्या. "माफी? ज्यानं केलं त्याले माफी. मले माफी नको. माहं नाव खोडून पाह्यजे."

मामाजी उठून अंगणात गेले.

अखेर तारीख लागली. आत्याबाई हिरवं नऊवारी लुगडं नेसल्या. मी म्हटलं, "आज तरी दुसरा रंग घाला हो." त्या म्हणाल्या, "हिरवा शुभ असते." कोर्टात न्यायाधीश म्हणून एक तरुण मॅडम होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. सरकारी वकिलांनी अर्ज वाचून दाखवला. सरकारला हा खटला पुढे चालवायचा नाही, परवानगी मिळावी. दोन मिनिटांचं काम. मॅडमनी पेन उचललं आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"मॅडम, एक मिनिट."

मामाजी उभे. आमचे वकील वळून डोळ्यांनी खुणा करताहेत, यजमान सदरा ओढताहेत, आणि हा माणूस शाळेतल्या प्रार्थनेला उभं राहावं तसा ताठ.

"मॅडम, भांग आमची होती. पेणारे आम्ही होतो. हे बाई उपाशी होती. आम्ही कुटारात लपलो अन् हिले बसू देल्लं. एवढं तुमच्यासमोर सांगायचं होतं."

मग कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी समोरची फाईल तोंडासमोर धरली. ती खाली आली तेव्हा चेहरा गंभीर होता, पण डोळे नव्हते.

"बसा काका. तुमच्यावर खटला नाही."

"म्हणूनच तं सांगून राह्यलो," मामाजी म्हणाले आणि बसले.

आत्याबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी या दोघांना पाहतेय, डाळीत मीठ कमी पडण्यापलीकडे त्यांच्यात कधी काही बोलणं झालेलं मला आठवत नाही. त्या दिवशी त्यांनी पदराने हळूच डोळे टिपले. माझा त्या माणसावरचा इतक्या महिन्यांचा राग तिथल्या तिथे उतरला. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मॅडमनी सही केली. खटला मागे घेतला गेला. मग त्या म्हणाल्या, "आजी, तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

"हाव," आत्याबाई म्हणाल्या. "माहा वरवंटा पाह्यजे."

आम्हाला वाटलं होतं, बाईंच्या जिवाला नावाचंच लागलंय. नाव तर होतंच. पण आत आणखी एक गोष्ट सलत होती, ती त्यांनी घरी येताना रिक्षात सांगितली. आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. त्याला कुंची घालायची, बायांनी पाळण्याखालून हातोहात फिरवायचा, आणि मग बाळ ठेवायचं, म्हणजे बाळ दगडासारखं दणकट होतं. बिऱ्हाड हललं होतं तरी आत्याबाईंच्या दोन्ही लेकरांचं बारसं देऊळघाटला जाऊन केलं, आणि दोन्ही वेळा वरवंटा शेजारणीकडून मागून आणावा लागला. शेजारणीने कधी काही विचारलं नाही. पण आत्याबाईच आपणहून बोलून बसल्या, "माहा फुटला वं."

"जल्मात तेवढं एकच खोटं बोलली मी," त्या म्हणाल्या. "अन् थे बी बारशाच्या दिवशी. दोनदा."

ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत वरवंटा सापडला. जप्तीच्या बाटल्या आणि गंजलेल्या सायकलींच्या मागे, अंगावर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. आमच्या घरी पोहे खाऊन गेलेले तेच हवालदार तो घेऊन बाहेर आले. "आजी, जड हाय, मी ठेवतो गाडीत." आत्याबाईंनी दिला नाही. लेकरू घ्यावं तसा कडेवर घेतला आणि अंगठ्याने त्याच्या एका टोकाचा खळगा चाचपला. "हाच," म्हणाल्या.

घरी आल्यावर नंबर काढायला त्यांनी काय काय केलं नाही! राख झाली, चिंच झाली, माझी महागातली भांड्यांची पावडर संपली. नंबर हटेना. मामाजी म्हणाले, "राहू दे वं. तीट हाय ती. नजर नाही लागणार."

पासपोर्ट आला, व्हिसा आला. तरी बाळ आधी आलं आणि आजी नंतर. बाळ ठणठणीत होतं, पण पोरीने आई येईपर्यंत बारसं थांबवून ठेवलं. विमानतळावर बॅग उघडायला लावली म्हणे, आणि दगड बघून तिथला अधिकारी बुचकळ्यात पडला. आत्याबाईंनी हातांनी पाळणा हलवून दाखवला. त्याने काय समजून घेतलं देव जाणे, पण बॅग बंद करून दिली.

बारशाच्या दिवशी आम्ही सगळे देऊळघाटला गेलो, त्या शेजारीणबाईंकडे. आत्याबाईंचा तसा हुकूम होता. शेजारीणबाई आता थकल्या आहेत, बाजेवरच असतात. मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. तिकडे पाळणा फुलांनी सजवलेला, चारपाच मराठी बाया आणि शेजारची एक गोरी आजी. कुंची घातलेला वरवंटा या हातातून त्या हातात जात होता आणि कुंचीखालून पांढरा नंबर दिसत होता. गोऱ्या आजीने त्याला अगदी जपून मान धरून घेतलं.

आत्याबाई मोबाईलजवळ आल्या. आधी मामाजींच्या गोळ्यांची चौकशी झाली. मग म्हणाल्या, "इथल्या त्या दुकानावरून रोज जाते मी. जावईबापू म्हणतात, सरकारनं जुन्या लोकायची नावं खोडली. मी इचारलं, त्यायले त्यायचे वरवंटे वापस देल्ले का? त्याहीले माईतच नाही."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वरवंटा घेऊन मोबाईलसमोर धरला आणि शेजारीणबाईंना हाक मारली.

"बाई, एक सांगाचं राह्यलं होतं. हा फुटला नोता. मी तुमच्याशी खोटं बोलली."

शेजारीणबाईंनी चष्मा नीट केला. माझ्या मागे मामाजी खोकले.

"माईत होतं वं मले," त्या म्हणाल्या. "माहा बुढा बी त्याच कुटारात होता. रातभर आंग खाजवत सारं सांगतलं त्यानं. म्हणून तं इचारलं नाही कधी. दर बारशाले माहाच घासून, धुऊन तयार ठेवत होती मी."

तिकडे आत्याबाई वरवंटा छातीशी धरून रडायला लागल्या. मामाजींनी मोबाईल माझ्याकडून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"रडून काऊन राह्यली?" शेजारीणबाई बाजेवरून ओरडल्या. "निजव त्याले पाळण्यात. मागे पोरगं वाट पाहून राह्यलं."