अंगणातला हिंदुस्थान

भूगोल मला मुळीच आवडायचा नाही. इतिहासातले राजे निदान लढायचे, रुसायचे, पळून जायचे. नद्यांना गोष्टच नव्हती. उगम, दिशा, संगम, संपलं. आमच्या अनसिंग गावचा नाला तेवढा पाहिलेली मी, गंगा-ब्रह्मपुत्रेचं काय घेऊन बसायचं?

शिकवायची ती माझी मोठी बहीण. तिला मी बाई म्हणायचे. सारवलेल्या अंगणात ती रांगोळीने अख्खा हिंदुस्थान काढायची. हिमालयाला राख, मुंबई-कलकत्त्याला चिंचोके, आणि मग मला नद्यांवरून अनवाणी चालवायची. मी सिंधूवरून गंगेवर उडी मारली की जाम चिडायची. चौथीच्या परीक्षेला माझ्याआधी तीच बसणार होती. पण परीक्षेच्या तोंडावर तिचं लग्न ठरलं आणि तिला पैनगंगेपलीकडे, निजामाच्या मुलखात दिली. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. परीक्षा राहिली ती राहिलीच.

पुढे शाळेत शिकवलं, वऱ्हाडाची दक्षिण सीमा पैनगंगा. पलीकडचं परीक्षेला नाही, असं गुरुजी म्हणायचे. मला त्यांचा असा राग यायचा! माझं सगळं पलीकडेच होतं.

माझ्या परीक्षेच्या वर्षी बाई शिमग्याला माहेरी आली. परीक्षेपर्यंत राहीन म्हणाली. मी हरखून गेले. दुसऱ्याच दिवशी तिच्या सासऱ्यांची दमणी, सवारीची छोटी बैलगाडी, दारात हजर. घरी कामाचा खोळंबा होतो म्हणे. माय शिदोरी बांधू लागली. मी रडून घर डोक्यावर घेतलं. बाई मात्र अंगणात गेली आणि मी काढलेल्या वेड्यावाकड्या नकाशावर जाऊन उभी राहिली.

"रडतं काहून? मले इचार ना नद्या."

विचारल्या. लुगडं जरा उचलून धरत ती एकेका नदीवरून चालत गेली. सिंधू, गंगा, नर्मदा, गोदावरी, पार कावेरीपर्यंत. उगम चुकला नाही, संगम चुकला नाही. दळताना मी हेच म्हणतो, म्हणाली. सासूले वाटते देवाचं काही हाये. आम्ही दोघी खूप हसलो.

मला तिला कुठेतरी पकडायचंच होतं. "पैनगंगा राह्यली!"

"थे कायले सांगू? थे तं रोज दिसते," ती म्हणाली. "पानी भराले जातो तं आपल्या वऱ्हाडाकडची दरड दिसते. तितं जराशी उभी राह्यतो."

पायाला रांगोळी लागलेली, तशीच ती गाडीत बसली.

परीक्षेत शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांनी मला नेमकी पैनगंगाच विचारली. मी धडाधड सांगितलं, उगम अजिंठ्याच्या डोंगरात, संगम वर्धेशी. साहेब खूश झाले. आणखी काही येतं का, म्हणाले. पलीकडच्या काठावर घागर घेऊन माझी बाई उभी असते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"इतकंच येते मले," मी म्हणाले.