उजवीकडून वाचायची पानं

मुलांनो, तुमच्या गॅलरीतल्या कुंडीतल्या लिंबाच्या पानाचा फोटो पाहिला. पानावर कुणी चांदीच्या शाईने गिरगटल्यासारख्या रेघा आहेत आणि हे काय, असं तुम्ही विचारलंत. त्या रेघा काय आहेत ते एका ओळीत सांगता येईल. पण त्या ज्यांनी वाचल्या त्यांच्याबद्दल सांगायचं राहून गेलंय, म्हणून आजच लिहायला बसले.

तुमच्या आजोबांचे धाकटे मावसभाऊ, म्हणजे माझे औशाचे भाऊजी, कागदावर लिहिलेलं सोडून जगातलं काहीही वाचू शकत. भाजलेल्या पापडाच्या फोडांवरून ते पाहुण्यांचा स्वभाव सांगत. भिंतीला तडा गेला की गवंडी बोलावण्याआधी त्याचा अर्थ लावत. लहानपणी निजामाच्या शाळेत उर्दू शिकल्यामुळे सगळं उजवीकडून वाचत आणि भाकीत चुकलं की, “ह्यो मजकूर डावीकडचा निघाला, वहिनी,” म्हणून मोकळे होत.

घरामागे कागदी लिंबाची डझनभर झाडं होती. ती माझ्या जाऊबाईंनी, म्हणजे भाऊजींच्या बायकोने लावलेली. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्या वारल्या आणि ती झाडं म्हणजे भाऊजींचा प्रपंच झाला. दुष्काळात विहीर आटली तेव्हा त्यांनी न्हाणीघराला कुलूप लावलं. घरच्यांनी आणि पाहुण्यांनी झाडाच्या आळ्यात पाट मांडून आंघोळ करायची. बायकांसाठी लुगड्याचा आडोसा. आम्ही नांदेडहून एसटीने धुळीने माखून उतरलो की चहाच्या आधी प्रत्येकाला झाड नेमून दिलं जाई. तुमच्या आजोबांनी साबण काढला तर भाऊजी म्हणाले, “साबण न्हाई, दादा. झाडाला शिंका येत्यात.” अशी आमच्या अंगावरच्या पाण्यावर ती झाडं जगली.

पुढे पाऊस परतला, झाडांना कोवळी पालवी फुटली आणि तिच्यावर या चांदीच्या रेघा उमटल्या. भाऊजींना वाटलं, झाडं बोलायला लागली. ते रोज सकाळी चष्मा पुसून पानं वाचत. रेघांची पानं तोडायची सगळ्यांना मनाई. आलेली पत्रं कुणी फाडतं का, असं विचारत. पण वर्षागणिक त्याच पानांवर खरखरीत तपकिरी फोड येऊ लागले, मग फांद्यांवर, मग लिंबांवर. बाजारात ती लिंबं कुणी हातात धरेना. भाऊजींनी दृष्ट काढली, आल्यागेल्याला बागेत यायची बंदी केली. तरी दोन झाडं वाळून गेली.

तेवढ्यात लातूर जिल्हा झाला, नवी कचेरी आली आणि तिथला एक तरुण कृषी अधिकारी मी पत्रांची हकिकत सांगून भाऊजींच्या मनाविरुद्ध बागेत आणला. त्याने रेघेच्या टोकाची पातळ साल नखाने उचलून आतली इवलीशी अळी दाखवली. “काका, ही पान आतून पोखरून जाते. रोग ती आणत नाही, पण जखम करून दार उघडं ठेवते. पावसाच्या थेंबाबरोबर खैऱ्याचे, म्हणजे या तपकिरी फोडांच्या रोगाचे जिवाणू त्यातून आत शिरतात. ही पत्रंच तुमची झाडं मारून राहिली.” पावसाळा सरला की रोगट फांद्या छाटून जाळायच्या, मोरचूद-चुन्याची फवारणी करायची आणि नव्या पालवीवर निंबोळीचा अर्क मारायचा, असं सांगून तो गेला.

दिवाळीनंतर त्यांनी स्वतः फांद्या छाटल्या. मात्र वाचल्याशिवाय एकही पान जाळात टाकेनात, त्यामुळे जाळ पुन्हा पुन्हा विझे. शेवटी एक पान त्यांनी माझ्यापुढे धरलं. “हे मला लागंना झालंय, वहिनी. तुमी विंग्रजी शिकलेल्या, बघा बरं.”

मी पान दोन्हीकडून फिरवून पाहिलं. “लिहिलंय, आम्हाला जाऊ द्या, बाकीची झाडं जगतील.”

“सही कुणाची हाय?”

“जाऊबाईंची.”

“तिला कुठं लिहाया येत हुतं,” भाऊजी म्हणाले. मग रेघेखालच्या खैऱ्याच्या गोल डागावर त्यांनी बोट ठेवलं. “हाव, अंगठा हाय की.” आणि पान जाळात सोडलं.

भाऊजी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. झाडांपैकी चार उभी आहेत. पावसाळ्यात थोडा खैऱ्या दिसतो, पण लिंबं लागतात.