आईनं ब्लँकेट कुठल्या टेबलावर ठेवलं

आमच्या घरात सासरे सरकारच्या बाजूचे आणि नवरा विरोधातला. परदेशात मोठा भूकंप झाला आणि आपल्या सरकारनं विमान भरून तंबू, औषधं पाठवली, तेव्हा माझी आई मोशीला आमच्याकडं राहायला आलेली होती. मराठवाड्यात नदीला पूर येऊन तिच्या घराची मागची भिंत पडली होती. पंचनामा झाला होता, मदत यायची होती.

जेवताना ती बातमी लागली. सासरे खुशीत होते, जगात आपला मान वाढला म्हणाले. नवऱ्याचा घास हातातच राहिला. आपली माणसं चिखलात आणि पैसा परदेशात, हा कुठला मान, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं आईकडं हात केला. "ह्यांनाच विचारा की."

"इचार," सासरे म्हणाले. "त्यास्नी बी पटंल. मदत येनारच हाय, न्हाई कोन म्हनतंय?"

दोघं आईकडं बघत राहिले. आईनं भाकरी मोडली आणि मला आमटी वाढायला सांगितली.

कुणाचं खरं मानावं ते मला कळेना. आईची भिंत आठवली की नवऱ्याचं पटायचं. टीव्हीवर ढिगाऱ्यापाशी बसलेली बाई दिसली की सासऱ्यांचं. त्यात मला आठवत होतं, मागं सरकार दुसऱ्या पक्षाचं असताना अशीच मदत गेली होती. तेव्हा सासरे म्हणत होते, आधी आपलं घर बघा. माणुसकीवर बोलत होता तो नवरा. मी धीर करून हे काढलं, तर दोघंही म्हणाले, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. कशी वेगळी, ते दोघांनी मला वेगवेगळं समजावलं, आणि ऐकताना दोघांचंही पटलं.

रविवारी चौकात दोन टेबलं लागली. एकावर सासऱ्यांच्या पक्षाची पोरं भूकंपग्रस्तांसाठी कपडे गोळा करत होती. शेजारी नवऱ्याच्या मित्रांनी मराठवाड्यातल्या पूरग्रस्तांसाठी टेबल मांडलं होतं. आईनं मी तिला दिवाळीत घेतलेलं, घडीही न मोडलेलं ब्लँकेट काढलं आणि मला तिकडं घेऊन चल म्हणाली. आपल्या भागातल्या लोकांसाठीच असणार, असं मी धरून चालले.

पूरग्रस्तांच्या टेबलापाशी नवऱ्यानं तिला खुर्ची दिली. मित्रांना सांगितलं, "ह्या माझ्या सासूबाई. ह्यांचंच घर पडलंय पुरात." मित्रांनी मोबाईल काढले. एक जण म्हणाला, "मावशी, जरा इकडं बघा."

आई उठली. शेजारच्या टेबलावर ब्लँकेट ठेवलं. तिथल्या पोरांनीही मोबाईल काढले, पण तोवर ती रस्ता ओलांडून गेली होती.

संध्याकाळी सासरे नवऱ्याला एवढंच म्हणाले, "बगितलंस?" नवऱ्याला ते लागलं होतं. मी आईजवळ मेथी निवडायला बसले आणि तिकडं का दिलंस म्हणून विचारलं.

"तिथं मी कोन हाय ते कुनी सांगत नव्हतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आपल्याकडच्यांना बी द्यायला पाहिजे होतं. एकच होतं माझ्याकडं."

"म्हणजे सरकारनं पाठवलं ते बरोबर?"

"आधी माझी भिंत बांधायला पाहिजे होती." तिनं देठं बाजूला सारली. "पन त्या बाईला तंबू देऊ नका, असं म्हनू का मी?"

मला वाटलं ती अजून काही सांगेल. तिनं दुसरी जुडी सोडली.

काही आठवड्यांनी आईची मदत आली. आम्ही ओरडलो म्हणून आली, असं नवरा म्हणाला. सरकारनं शब्द पाळला, असं सासरे. भाऊ येऊन आईला घेऊन गेला.

एसटी स्टँडवरून परतताना नवऱ्यानं गाडीत मला विचारलं, "तुझं काय मत? खरं सांग."

मला माहीत नाही, म्हणाले मी. मी सासऱ्यांच्या बाजूची आहे आणि सांगत नाही, असं त्याला वाटलं. मी मात्र खरंच सांगितलं होतं.