सहावी 'ब'मधला पिवळा डबा

"नसीमा, हात हलवू नकोस," मी म्हटलं.

मराठीत म्हटलं, हे मागाहून लक्षात आलं. वर्गात फक्त इंग्रजी, असा शाळेचा दंडक होता. पण नसीमाचे वडील रत्नागिरीकडचे, त्यामुळे तिला मराठी समजायचं. ती माझ्या टेबलासमोर तशीच उभी राहिली. ओंजळीत एक डबा होता. कोल्ड्रिंकच्या कॅनएवढा, पिवळा रंग विटलेला, एका टोकाला फाटक्या कापडाची पट्टी लोंबत होती.

"मिस, इट्स फॉर बेस्ट आउट ऑफ वेस्ट," ती म्हणाली. टाकाऊ वस्तूंपासून काहीतरी बनवायची स्पर्धा त्या आठवड्यात होती. या डब्याचा ती पेनस्टँड करणार होती.

मी कुवेतला नुकतीच आले होते. मूळची साताऱ्याची, विषय भूगोल. इथल्या एका इंडियन स्कूलमध्ये मधेच एक शिक्षिका सोडून गेल्या, त्यांच्या जागी मला घेतलं. उष्ण देश म्हणून मी सुती साड्या भरून आणल्या, आणि डिसेंबरच्या वाऱ्यात दात वाजायला लागले. भूगोलाची बाई वाळवंटात स्वेटरशिवाय आली, यावर स्टाफरूम दोन दिवस हसली. इराकशी युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. शाळा एका जुन्या व्हिलात भरायची. भिंतींवर सिमेंटची गोल ठिगळं होती. ती गोळ्यांच्या भोकांवर लावलीत, हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही. हळूहळू कळलं.

जॉइन झाले त्या दिवशी प्रिन्सिपल सर सगळे नियम सांगता सांगता म्हणाले होते, "डेझर्टमध्ये धातूचं काही पडलेलं दिसलं, तर हात लावायचा नाही. अजून खूप काही पुरलेलं आहे." मी मान हलवली. वाळवंटात मी कशाला जाते, असं मनात आलं. ते वाळवंट वर्गात येईल, असं वाटलं नव्हतं.

माझा चेहरा बघून नसीमाला काहीतरी समजलं असावं.

"मिस, इज इट बॅड?"

"माहीत नाही. पण आपण नीट वागू."

मॉनिटर होती शीबा. तिला म्हटलं, सगळ्यांना मागच्या गेटने बाहेर ने. दप्तरं राहू देत. धावायचं नाही, बाकं सरकवायची नाहीत. मुलं गेली. कुणी ओरडलं नाही.

आता प्रश्न होता ओंजळीचा. अशी वस्तू हलवायची नसते, एवढं मला माहीत होतं. पण सहावीतली मुलगी जड डबा धरून किती वेळ उभी राहणार? हात सुटला तर तो फरशीवर पडणार. मी अंगावरची शाल काढली, घडी घालून टेबलावर ठेवली. नसीमाच्या मागे उभी राहिले आणि तिच्या हातांखाली माझे हात धरले.

"खाली बघ. माझ्याबरोबर हात खाली आण. घाई नाही."

"आय'म स्केअर्ड, मिस."

"मी पण. आण खाली."

डबा शालीवर टेकला. आम्ही बोटं एकेक करून काढली. मग तिचा हात धरून मी बाहेर पडले. जिना उतरेपर्यंत तो सोडला नाही.

प्रिन्सिपल सर ऑफिसात होते. मी सांगितलं, त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला खात्री आहे? गाडीचा पार्ट वगैरे असेल."

"खात्री नाही सर. म्हणूनच पोलिसांना फोन करा."

"पोलीस आले की मिनिस्ट्री येते. पेरेंट्स घाबरतात. आधी वॉचमनला बघायला सांगू?"

"वॉचमनने काय बघायचं, सर?"

त्यांनी फोन उचलला. अरबी शिकवणारे इजिप्तचे महमूद सर पोलिसांशी बोलायला बसले. दरम्यान मला दुसरी गोष्ट सुचली. आग लागली तर सगळ्यांनी जमायची ठरलेली जागा म्हणजे पुढचं मैदान, आणि ते नेमकं सहावी 'ब'च्या खिडक्यांखाली होतं. सगळ्या शाळेला आम्ही मागच्या रस्त्यावर, शेजारच्या इमारतीच्या आडोशाला नेलं. लहान मुलांना वाटलं, सुट्टी मिळाली.

पोलीस आले, त्यांच्यामागून सैन्याचे लोक आले. एक अधिकारी वर जाऊन आला. महमूद सरांनी भाषांतर केलं. तो क्लस्टर बॉम्बमधला एक होता. म्हणजे एका मोठ्या बॉम्बच्या पोटात असे पुष्कळ लहान बॉम्ब असतात. हवेत तो उघडतो आणि लहान बॉम्ब चहूकडे विखुरतात. सगळे फुटत नाहीत. न फुटलेले वाळूत पडून राहतात, आणि कधी धक्क्याने फुटतील याचा नेम नसतो. हा जिवंत होता.

"शालीवर कुणी ठेवला?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी आणि हिने."

त्याने नसीमाकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. महमूद सरांना काहीतरी म्हणाला. त्यांनी ते आम्हाला सांगितलं नाही.

नसीमाचे वडील इब्राहीमभाई, राई नावाच्या भागात एका गॅरेजमध्ये काम करायचे. ग्रीस लागलेल्या कपड्यांतच आले. आधी मुलीला जवळ घेतलं. मग मला म्हणाले, "शुक्रवारी सुट्टी म्हणून आम्ही डेझर्टला गेलो होतो, बाई. पावसानं थोडं गवत उगवलेलं, पोरं खूश. मी बजावलेलं, कायपण उचलू नको म्हणून. म्हणून तर लपवलान तिनं. येताना दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. धाकटी तिच्या खांद्यावर झोपलेली."

ते फुटपाथच्या कडेला बसले. घरी जाताना गाडी किती खड्ड्यांतून गेली असेल, हेच ते मनात मोजत असावेत.

दुसऱ्या दिवशी मॅनेजमेंटचं म्हणणं पडलं, मुलीला टीसी द्या. टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. सरांनी मला बोलावलं.

"काय कारण लिहिणार?" मी विचारलं.

"शाळेची सेफ्टी धोक्यात आणली."

"सर, नखं किती वाढवायची, रिबन कुठल्या रंगाची लावायची, हे शाळेच्या डायरीत छापलंय. याबद्दल एक ओळ नाही. आधी आपण शिकवू, मग शिक्षा करू."

"तुम्ही प्रोबेशनवर आहात, हे लक्षात आहे ना?"

"आहे सर."

त्यांनी टीसी दिला नाही. वर काय बोलणं झालं, ते मला ठाऊक नाही. त्या आठवड्यात प्रत्येक वर्गात जाऊन बोलायचं काम मात्र माझ्याकडे आलं.

वार्षिक परीक्षा झाल्यावर इब्राहीमभाई स्वतःच टीसी मागायला आले. बायको-मुलांना गावी पाठवत होते. स्वतः इथेच, कुटुंबाशिवाय राहणाऱ्या 'बॅचलर' लोकांच्या खोलीत राहणार होते.

मी म्हटलं, "इब्राहीमभाई, आता कुणी तिला काही म्हणत नाही. अभ्यासात हुशार आहे. राहू द्या."

"शाळेचं काय नाय, बाई," ते म्हणाले. "तुमचे उपकार हायत. पण तिथं पोरानं जमिनीवरनं काय उचललं, तर मला भीती नाय."

नसीमा बाहेर बाकावर बसली होती. मी जवळ गेले तेव्हा तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, मुठी मिटून. पत्र लिही म्हणाले. तिने मान हलवली.

त्या शाळेत मी पुढे बरीच वर्षं शिकवलं. नवीन शिक्षक आले की त्यांना घर, बस, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, यांची माहिती इतर लोक द्यायचे. ही एक गोष्ट मी सांगायचे. मुलांना 'हात लावू नका' असं सांगून आपलं काम संपत नाही. कुणीतरी हात लावणारच. लावल्यावर कुणाला सांगायचं ते सांगा, आणि सांगितलं तर रागावणार नाही, असंही सांगा. आणि मग खरंच रागावू नका.